पानांआडचं दार

दि. ८ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे, नर्सरी कशी चालली आहे, हे सगळं विचारायचं आहे, पण आधी कामाचं लिहिते. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. मी फोनवर बोलायला लागले की हे जवळ येऊन बसतात. नाव घेतलं नाही तरी आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना बरोबर कळतं आणि मग सगळी संध्याकाळ बिघडते. लिहीत बसले की मात्र काही वाटत नाही. उलट उठून दिवा लावून देतात.

गेल्या आठवड्यात हे मागच्या दाराने निघून गेले. तुला माहीत आहेच, निवृत्त होईपर्यंत रोज दुपार कलली की हे त्याच दाराने बाहेर पडायचे, गल्लीतून कालव्याच्या काठाने टाकीवर जायचे आणि चावी फिरवून वरच्या वस्तीला पाणी सोडायचे. ती नोकरी आता पुन्हा सुरू झाली आहे. दुपारी अस्वस्थ होतात, चपला शोधतात. वरची माणसं नळाखाली बादल्या लावून खोळंबली असतील म्हणतात. पुढच्या दाराकडे वळतही नाहीत. कामावर जायचा रस्ता मागूनच, हे डोक्यात पक्कं. त्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते तेवढ्यात गेले. कालव्याच्या काठावर, पाण्यावर पाय सोडून बसलेले सापडले. काठ शेवाळलेला आणि कालवा भरून वाहत होता. मी आधी मागून कॉलर धरली आणि मग हाक मारली. चावी सापडत नाही म्हणून रडकुंडीला आले होते.

कुलूप लावून बघितलं. पण बंद दिसलं की ते उघडायलाच हवं, आयुष्यभर दुसरं केलंय काय त्यांनी! हाताची सालं निघेपर्यंत दार हलवत राहिले. भिंत घालून बुजवावं, तर गवंडी दाराला हात लावताना यांनी बघितला तर काय होईल याची कल्पना करवत नाही. शिवाय स्वयंपाकघरात उद्या काही भडकलं तर बाहेर पडायला तेवढीच वाट आहे. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या की अशा माणसांना दार अडवू नका, दार दिसेनासं करा. डोळ्यांना दिसलं नाही की जायचंही सुचत नाही.

म्हणून हे पत्र. मागचं फळ्यांचं कुंपण आणि त्यातलं दार मला झाडांनी झाकायचं आहे. जमिनीत काही लावता येत नाही, शेजारच्या मोठ्या झाडांच्या मुळ्यांनी सगळी माती पोखरली आहे. तेव्हा कुंड्याच हव्यात. मी हौसेने गुलाब आणि झिनिया आणून दारापुढे मांडले, त्यांच्या काड्या झाल्या. त्या काड्यांमधून दार जास्तच उठून दिसायला लागलं.

चिमीने तिच्या शहरात स्मृती गेलेल्या माणसांच्या एका केंद्रात यांच्यासाठी जागा धरून ठेवली आहे. मार्चअखेर तिला हो-नाही कळवायचं आहे. त्याआधी ती येणार. बाबा पुन्हा एकदा जरी बाहेर गेले तरी मी तुला विचारत बसणार नाही, घेऊन जाईन, असं तिने स्वच्छ सांगितलंय. मुंगळ्या, यांना तिथे नेलं तर हे तिथलं दार शोधत बसतील, आणि ते तर कधीच सापडणार नाही. तेव्हा लवकर कळव.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहेच, तो मागून घेत नाही.
ताई

दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाकिटावरही मुंगळा लिहायची काही गरज होती का? पोस्टमनने सगळ्या कामगारांसमोर मोठ्याने वाचलं. डोक्यावर एक काळा केस उरला नाही आणि कालपासून गडीमाणसं मला बघून तोंडं फिरवून हसताहेत.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. भाऊजींचं लिहिलेलं तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. पण तू मला झाडांचं विचारलं आहेस, तर झाडांचं सांगतो.

तुझ्या कुंपणाला ऊन नाही म्हणजे फुलं हा विषयच सोड. सावलीत पानांवर भागवायचं. उद्या ट्रकने नेचे, ड्रॅसिना, फिलोडेंड्रॉन आणि मनीप्लांटच्या लांब वेली पाठवतो. त्यांना ऊन नसल्याचं दुःख नाही. तू लावलेले गुलाब म्हणजे बिचाऱ्यांना तळघरात डांबल्यासारखं झालं.

आता मांडणी नीट वाच, कारण सगळी गंमत तिथेच आहे. सारख्या उंचीच्या कुंड्या ओळीने मांडू नकोस. त्या पहारेकऱ्यांसारख्या दिसतात आणि आमच्यामागे काहीतरी आहे असं ओरडून सांगतात. काही कुंड्या उलट्या डब्यांवर चढव, काही खाली ठेव, मधेच एखादी पुढे ओढ. आणि दारापुढे पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांचं पान चुकूनही ठेवू नकोस. सावलीत फिकट पान दिव्यासारखं चमकतं आणि नजर तिकडेच जाते. दारापुढे काळपट हिरवी पानं ठेव, सगळी फिकट पानं कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. नजरेला तिकडे बोलावलं की ती इकडे येत नाही. कडी झाकायला मनीप्लांट वरून सोड.

एक मात्र ऐक. दारापुढच्या कुंड्या तुला एकटीला सरकवता येतील एवढ्याच वजनाच्या ठेव. सिमेंटच्या टाक्या आणून बसवू नकोस. वेळ सांगून येत नाही.

आणि रागावणार असशील तर रागाव, पण चिमीचं सगळंच चुकतंय असं मला वाटत नाही. कालव्याच्या काठावर तू कॉलर धरलीस, ती निसटली असती तर? मी तुझ्या बाजूने आहे म्हणूनच विचारतो.

थोरल्या बहिणीने धाकट्यावर ठेवावा तेवढा लोभ ठेव, वर टोपणनाव नको.
तुझा भाऊ

दि. २५ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

टोपणनाव राहणार. ट्रकभर झाडं पाठवणारा मुंगळा नाही तर काय!

झाडं नीट पोचली. हे झोपले होते तेवढ्या वेळात मी आणि शेजारच्या टेलरकाकांनी सगळं मांडलं. तू सांगितलंस तसं, काळपट पानं दारापुढे, फिकट पानं खिडकीकडे. काकांनी गल्लीच्या बाजूला जाऊन फटीतून बघितलं आणि परत आत आल्यावर म्हणाले की आता मलाच पत्ता लागत नाही. मी खूश झाले. ती खुशी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही.

हे उठले, चपला घातल्या, मागे आले आणि कुंपणापुढे थांबले. इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. फळ्यांवर हाताने चाचपत गेले, कुठे पान बाजूला करून बघितलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी, हातातलं फडकं पिळत. मग त्यांनी मला हाक मारून विचारलं की दार कुठे नेलं. मुंगळ्या, मी म्हणाले की इथे दार कधी नव्हतंच. माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की माझं मलाच कसंसं झालं. हे रागावले असते तर बरं झालं असतं. मग हळूच, मलाच धीर द्यावा तशा आवाजात म्हणाले की असेल, माझ्या हल्ली लक्षात राहत नाही.

पुढचे काही दिवस रोज हेच. कुंपणापुढे येरझाऱ्या, चाचपणं, आणि माझा जीव टांगणीला. एकदा मनीप्लांटची वेल उचलली, कडीच्या अगदी वर बोटं होती. पण तिथे एक गोगलगाय चिकटलेली होती. ती काढून त्यांनी बाजूच्या पानावर ठेवली आणि वेल सोडून दिली. त्या गोगलगाईला मी आता बागेतून हाकलत नाही.

आणि परवा एक गोष्ट घडली. झारी नळाखाली भरून ठेवली होती. येरझाऱ्या घालता घालता यांनी ती उचलली आणि दारापुढच्या पहिल्या कुंडीला पाणी घातलं. मग दुसरीला. मग शेवटपर्यंत, एकही न चुकवता. झाल्यावर हात पुसले, घरात आले आणि मला सांगितलं की वरच्या वस्तीला पाणी सोडलं. शांत झोपले रे. काल तेच, आज तेच. दुपारी चपला घालतात आणि झारीकडे जातात. कामावर जायची वेळ झाली की मीच झारी भरून ठेवते.

चिमीला हे सगळं कळवलं आहे. एका ओळीचं उत्तर आलं, बघू. आईला असं उत्तर देतात का?

नेच्याची काही पानं खालून पिवळी पडताहेत, ते नवीन जागेमुळे असेल ना? गुडघ्याचं तू काहीच लिहिलं नाहीस.

वहिनीलाही आठवण सांग आणि दोघं मिळून लोभ पाठवा, अर्धा-अर्धा चालणार नाही.
ताई

दि. १ मार्च

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी काही गंभीर बोलले की तू हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहिते आहे. या पत्रावर तुला हसता येणार नाही.

आईने तुला कुंपण, पानं, झारी सगळं कळवलं असेल. उजव्या हाताचं कळवलं का? खांद्यापासून कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. मला टेलरकाकांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा. बाबांनी तिला ढकललं. ती लांब बाह्यांचे ब्लाउज घालते आणि काकांकडूनच शिवून घेते, म्हणून त्यांना ठाऊक. मी व्हिडिओवर बोलते तेव्हा ती फक्त चेहरा दाखवते आणि उजवीकडे वळून बसते.

मामा, ते माझे वडील आहेत. त्यांना कुठेतरी टाकून मोकळं व्हायची मला हौस आलेली नाही. मी ते केंद्र स्वतः चालून बघितलं आहे. तिथे अंगण आहे, पाळीपाळीने जागी राहणारी माणसं आहेत. आई एकटीच सगळ्या पाळ्या करते. ती पडली, मोडली, तर बाबांना कुणाला हाक मारायची हेसुद्धा सुचणार नाही. मला दोघं हवी आहेत आणि त्यातलं एक तरी हातचं जाईल या भीतीने मी ऑफिसात फोन वाजला की दचकते.

तू तिला झाडं पाठवतोस. झाडं चांगली आहेत. पण ती दार लपवत नाही आहे, ती स्वतः त्यांच्यामागे लपली आहे. तू आणखी ट्रक पाठवलास तर ती आणखी आत जाईल. तिला थांबायला सांगणारं दुसरं कुणी नाही, कारण माझं ती ऐकत नाही आणि तुला ती अजून लहान समजते, म्हणून तुझ्याशी खरं बोलते.

रागावून लिहिलं आहे, पण राग तुझ्यावर नाही. भाचीवरची माया आटू देऊ नकोस.
चिमी

दि. ५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज चेष्टा नाही. तुझा उजवा हात कसा आहे? मला ज्याने सांगितलं त्याचं नाव विचारू नकोस, उत्तर दे.

आता झाडांचं. पिवळी पानं नवीन जागेमुळे नाहीत, पाण्यामुळे आहेत. सावलीत माती वाळतच नाही. तिथे रोज झारी म्हणजे मुळं बुडवून मारणं. माती बोटभर खोलवर कोरडी लागल्याशिवाय पाणी घालायचं नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतो आणि माझ्या सख्ख्या बहिणीलाच सांगायचं राहिलं. असंच चाललं तर आधी दारापुढचे नेचे कुजतील, कारण तिथे अंधार जास्त. म्हणजे झाकायला लावलेलं आधी तिथूनच उघडं पडेल.

पाणी बंद कर असं लिहिलं आणि खोडलं. पाणी बंद केलं तर भाऊजी काय करतील ते तू लिहिलंच आहेस. मग रात्री आमच्या घरी यावरच चर्चा झाली. तुझी वहिनी म्हणाली की माणूस बदलत नाही तर झाड बदला. एवढी वर्षं या धंद्यात घालवली आणि हे मला सुचलं नाही.

तर आता जी झाडं पाण्यात पाय बुडवून सुखाने राहतात ती पाठवतो. अंब्रेला पाम, अळू, पीस लिली. आणि तळाला भोक नसलेल्या टाक्या, प्लास्टिकच्या, तुला सरकवता येतील अशा. भोक नसलेली कुंडी मी आजवर दुकानात ठेवली नाही, घ्यायला आलेल्याला परत पाठवलं. या खास कारखान्यातून मागवाव्या लागताहेत, म्हणून ट्रकला उशीर होईल. वर खडीचा थर दे म्हणजे डास होणार नाहीत. मग भाऊजींना कितीही पाणी सोडू दे.

तोवर सांभाळ. कुजलेलं झाड उपटायचं झालं तर भाऊजी झोपलेले असताना उपट आणि तिथे लगेच दुसरं काही उभं कर, रिकामं ठेवू नकोस.

हाताचं विसरू नकोस. आपल्या दोघांत आता वडीलधारं कुणी उरलं नाही, तेव्हा लोभाबरोबर थोडा धाकही माझा असू दे.
तुझा भाऊ

दि. १४ मार्च

चि. मुंगळ्यास आशीर्वाद.

टेलरकाकांना यापुढे एक शिवण टाकायला देणार नाही.

हो, ढकललं. कुलपाच्या दिवशी. मी दार आणि ते यांच्यामध्ये उभी राहिले, माझीच चूक. त्यांनी मला ढकललं नाही, वाटेतल्या माणसाला ढकललं. नंतर माझा हात बघून कुणी केलं हे म्हणून इतके चिडले की मला त्यांनाच शांत करावं लागलं. हात आता बरा आहे. चिमीला सांगितलं नाही, कारण तिच्या यादीत तो पुढचा मुद्दा झाला असता. तिची यादी मोठी आहे आणि त्यातला एकही मुद्दा खोटा नाही, हीच तर पंचाईत.

तुझा इशारा पोचायच्या आधीच नेचे गेले. दारापुढचे दोन्ही. हात लावला तर मुळासकट वर आले, वास सुटला. मी ते टाकायला पुढच्या बाजूला गेले. रिकामं ठेवू नकोस हे तू लिहिलंस, पण पत्र दुसऱ्या दिवशी आलं. परत आले तर हे जागे होऊन मागे उभे आणि फटीतून कडी दिसत होती.

मुंगळ्या, त्यांनी घाई केली नाही. एकेक कुंडी उचलली आणि कडेला, पान न दुमडता ठेवली. जशी मी मांडली असती तशी. मग वेल बाजूला करून कडी काढली. मी पायरीवर होते. धावले असते तर पुन्हा तेच झालं असतं, म्हणून पाय रोवून उभी राहिले. दार उघडलं. एक पाय गल्लीत गेला. तिकडून कालव्याच्या पाण्याचा आवाज येत होता. मला ओरडायचं होतं, पण मी म्हणाले, अगदी साध्या आवाजात, की या कुंड्यांना आज पाणी मिळालेलं नाही, कोण सोडणार?

ते थांबले. गल्लीकडे बघितलं, कुंड्यांकडे बघितलं, पुन्हा गल्लीकडे. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, माझा श्वास त्या पायात अडकला होता. मग पाय आत घेतला आणि म्हणाले की झारी भरून का नाही ठेवली, सगळी वस्ती खोळंबली असेल. माझ्यावर ओरडले. इतकं गोड ओरडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तुझ्या टाक्या आणि झाडं काल आली. अंब्रेला पाम दाराच्या पुढे दाट उभी राहिली आहे, आता कडी काय, फळीही दिसत नाही. पाणी कितीही घातलं तरी ती टवटवीत.

पण तो एक पाय, तो धरायचा की नाही? चिमीने पुन्हा एकदा जरी बाहेर गेले तरी, असं म्हटलं होतं. तू तिला हे कळवू नकोस. मी हात जोडून सांगते आहे, थोरली असून.

तुझा लोभ आज मला नेहमीपेक्षा जास्त लागणार आहे.
ताई

दि. १८ मार्च

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने मला एक गोष्ट तुला सांगू नकोस म्हणून बजावलं आहे, आणि मी ती सांगणार नाही. पण तसं बजावलं आहे एवढं सांगतो.

तू महिनाअखेर जाणार होतीस. त्याआधी जा. आधी कळवू नकोस, म्हणजे ती आवरून, लांब बाह्या घालून, हसून बसणार नाही. तुला जे आहे ते दिसेल. मग तू जो निर्णय घेशील त्याला मी नाही म्हणणार नाही, आणि तिला समजवायची पाळी आली तर मी येईन, गुडघ्यासकट.

मामाचा लोभ तुझ्या आईलाही आहे आणि तुलाही, तो कुणाचा कमी करता येत नाही, ही माझी अडचण समजून घे.
मामा

दि. २४ मार्च

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकून न कळवता गेले. लहानपणी शाळेतून यायची तशी गल्लीतून गेले, कारण बसथांबा तिकडूनच जवळ आहे. खरं सांगायचं तर ते दार किती सहज उघडतं ते मला बघायचं होतं. आईला ते दाखवून देता आलं असतं. फळ्यांच्या फटीतून हात घालून आतली कडी काढायची मला अजून सवय आहे. कडी निघाली. दार ढकललं तर पुढे काहीतरी जड होतं, म्हणून खांद्याने जोर लावला. आत एक टाकी कलंडली, पाणी आणि खडी सगळीकडे पसरली आणि मी त्या उंच पानांमधून अर्धी आत आले.

समोर बाबा उभे होते. हातात झारी.

मामा, माझ्या मागे दार सताड उघडं. त्यामागे गल्ली, गल्लीच्या टोकाला कालवा. आई कुठे दिसत नव्हती. मी वाटेत होते, आणि वाटेतल्या माणसाचं काय होतं ते मला माहीत होतं. मला वाटलं, झालं, मीच त्यांना बाहेर काढलं. आई इतके दिवस जे झाकत होती ते मी एका धक्क्यात उघडं केलं. हात पसरून त्यांना अडवावं की बाजूला व्हावं, मला काहीच सुचेना.

बाबांनी झारी खाली ठेवली. टाकी उभी केली, खडी ओंजळीने गोळा करून आत घातली, मोडलेलं एक पान तोडून टाकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले की बाई, कुंपण मोडून काय येता, माणसांनी यायचं दार पुढे आहे. गुरं शिरली तर सगळ्या पाण्याची नासाडी होईल. बोलणं कडक होतं पण अदबीचं. मी बाबा म्हणाले. त्यांनी ते ऐकलं नाही किंवा त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. मला हळूच मागे सारलं, गल्लीत, आणि दार लावून घेतलं. कडी मात्र त्यांनी न चाचपता लावली. मला फटीतून हात दिसला.

मी बंद दाराबाहेर उभी राहिले. हात घालून पुन्हा कडी काढता आली असती. पण मी बॅग उचलली, कालव्याच्या काठाने वळसा घातला आणि पुढे जाऊन बेल वाजवली. आईने दार उघडलं. डोळे खोल गेलेले, साडी खोचलेली. मला बघितल्यावर पहिल्यांदा पदर ओढून हात झाकला, तो बरा झालेला असूनही.

संध्याकाळी बाबा पलीकडे बसलेले असताना आईने मला त्या एका पायाचं स्वतःच सांगितलं. सांगताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, जणू मी परीक्षक आहे. बाबा मला ओळखत नाहीत हे तिला आधीच माहीत होतं का, असं मी विचारलं. तिने मान हलवली. मी म्हटलं की मग सांगितलं का नाही. ती म्हणाली की हे ऐकलं असतंस तर तू आली नसतीस, किंवा ताबडतोब आली असतीस, आणि दोन्हीची मला भीती वाटत होती.

केंद्राला मी आज नकार कळवला. कायमचा नाही, आतापुरता. आईला माझी अट मान्य करावी लागली की दिवसभराला एक मदतनीस ठेवायचा आणि तिने दुपारची झोप घ्यायची. तिने नाक मुरडलं, मदतनीस फिकट पानांच्या कुंड्या दारापुढे ठेवेल म्हणाली, पण हो म्हणाली. मला रजा वाढवून मिळाली आहे, तोवर पहिली पाळी माझी. तिच्या आणि माझ्या भीतीत फारसा फरक नाही, हे आम्हाला एका घरात झोपल्यावर कळलं.

एक सांगायचं राहिलं. पुढच्या दाराने आले म्हणून बाबांनी मला पाहुणी धरलं आहे आणि ते मला फार मान देतात. काल त्यांनी मला सगळ्या कुंड्या हिंडून दाखवल्या. मी कुठल्या शहरातून आले ते विचारलं. सांगितलं, तर थांबले. म्हणाले की तिकडे माझी मुलगी असते. तुमची कधी गाठ पडली तर तिला सांगा, वडील तुझ्याकडे येत नाहीत याचा राग धरू नकोस, त्यांना रजा मिळत नाही. सगळी वस्ती त्यांच्या पाण्यावर आहे.

मी म्हटलं, सांगेन. त्यांनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली, आणि झारी उचलली.

तुझ्या मायेची आम्हा तिघांनाही गरज आहे, ती असू दे.
चिमी